न विचारता उघडलेली दारे



काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. त्या वेळी मी ज्या शाळेत शिकवीत होतो, तेथील नववीचा एक मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "सर, ऑफिसातल्या कॉम्प्युटरचा पासवर्ड मला कळलाय. शाळेचं नाव आणि पुढं स्थापनेचं साल. कुणीही उघडील. आत सगळ्यांचे मार्क आहेत."

मी त्याचे पुढचे काही ऐकूनच घेतले नाही. "तुला तिथं हात लावायला कुणी सांगितलं होतं?" असे म्हणून मी त्याला मुख्याध्यापकांपुढे उभे केले. त्याच्या वडिलांना बोलावणे गेले. वडील साध्या स्वभावाचे, कष्टकरी गृहस्थ. ते हात जोडून म्हणाले, "सर, माफ करा, उद्यापासून याला कॉम्प्युटरच्या वर्गाला पाठवत नाही." आणि खरोखरच त्यांनी पाठविले नाही. जाता जाता मुलगा एवढेच म्हणाला, "सर, मी मार्क बदलले नाहीत. बदलता येतात, एवढंच सांगायला आलो होतो."

पासवर्ड मात्र पुढे वर्षभर तोच राहिला.

हा प्रसंग माझ्या मनातून जात नाही. तो मुलगा गुन्हेगार होता की पहारेकरी? मी त्याला शिक्षा केली ती योग्य की अयोग्य? मी इतिहासाचा शिक्षक असल्याने उत्तर शोधण्यासाठी इतिहासाकडेच वळलो. 'हॅकर' हा शब्द आपण वर्तमानपत्रांत रोज वाचतो. या मंडळींनी जगाचे काय बिघडविले आणि काय घडविले, याचा थोडक्यात आढावा आपल्यापुढे ठेवावा म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रारंभ आपल्याच एका पूर्वसूरीपासून करू. इसवी सनाच्या नवव्या शतकात बगदाद येथे अबू युसुफ याकूब अल्-किंदी हे थोर पंडित होऊन गेले. खलिफा मामून यांच्या काळात ग्रीक व इतर भाषांतील ग्रंथ अरबीत आणण्याचे जे महान कार्य चालले होते, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. अल्-किंदी यांनी गुप्त लिपीत लिहिलेला मजकूर कसा उलगडावा यावर एक ग्रंथ लिहिला. त्यातली युक्ती ऐकावयास सोपी आहे. कोणत्याही भाषेत काही अक्षरे वारंवार येतात, काही क्वचित येतात. अरबीत अलिफ आणि लाम ही अक्षरे फार येतात. तेव्हा गुप्त मजकुरातील चिन्हे मोजावी. जे चिन्ह सर्वांत अधिक वेळा येईल ते बहुधा भाषेतील सर्वांत अधिक येणारे अक्षर असणार. असे एकेक अक्षर पकडत गेले की सारे पत्र वाचता येते. या ग्रंथाची हस्तलिखित प्रत इस्तंबूलच्या सुलेमानिया ग्रंथसंग्रहात शतकानुशतके पडून होती व विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती अभ्यासकांच्या हाती आली.

येथे अभिमानाने मान ताठ करून थांबण्याची आपल्याला सवय आहे. आपले पूर्वज फार मोठे होते, असे सभेत सांगावयाचे आणि घरी येऊन मुलाचे पुस्तक मिटावयाचे, हे आपण पुष्कळ वर्षे करीत आलो. माझा हेतू तो नाही. अल्-किंदी यांच्या कार्यातून मला जी गोष्ट दिसते ती अशी की, कुलूप कसे तुटते हे ज्याला कळते, त्यालाच चांगले कुलूप बनविता येते. त्यांनी जुन्या गुप्त लिपीतील दोष दाखविला. त्या दोषातून मार्ग काढण्यासाठी पुढच्यांना अधिक पक्क्या लिपी शोधाव्या लागल्या. पुढील अकराशे वर्षांचा इतिहास म्हणजे याच गोष्टीची पुनरावृत्ती होय.

आता एकदम विसाव्या शतकात येऊ. १९०३ सालचा जून महिना. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक फ्लेमिंग यांचे बिनतारी संदेशावर व्याख्यान व प्रयोग होता. दूर कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरून स्वतः मार्कोनी संदेश धाडणार होते. आपले संदेश दुसऱ्या कुणाला मध्येच गाठता येणार नाहीत, असा मार्कोनी यांचा दावा होता. परंतु ठरलेला संदेश येण्यापूर्वीच यंत्र टकटक करू लागले आणि त्यातून मार्कोनींची टवाळी करणारा मजकूर उमटू लागला! हा उद्योग नेव्हिल मॅस्केलिन या जादूगाराचा होता. जादूचे प्रयोग करता करता त्याने बिनतारी विद्याही आत्मसात केली होती. फ्लेमिंग भलतेच संतापले व त्यांनी टाइम्स पत्रात तक्रार छापली. मॅस्केलिनने त्याच पत्रातून उघडपणे उत्तर दिले की, दावा खोटा आहे हे लोकांना कळावे म्हणून मी हे केले. त्याचे कृत्य असभ्य होते यात शंका नाही. परंतु त्याने दाखविलेला दोष खरा होता. आजवर हॅकरांविषयी जो वाद चालतो, तो सगळा या एका प्रसंगात बीजरूपाने आहे.

'हॅकर' हा शब्द संगणकाच्या क्षेत्रात आला तो अमेरिकेतील एम.आय.टी. या विख्यात तंत्रशिक्षण संस्थेतून. १९५० नंतरच्या दशकात तेथील विद्यार्थ्यांचे एक मंडळ होते. खेळण्यातल्या आगगाड्यांचे रूळ, सिग्नल व तारांची जोडणी करण्याचा त्यांचा छंद होता. एखादी चतुर जोडणी साधली की तिला ते 'हॅक' म्हणत. हीच मुले पुढे रात्र रात्र जागून संस्थेतील संगणकावर काम करू लागली. त्या काळी हॅकर म्हणजे यंत्राच्या अंतरंगात शिरून ते समजून घेणारा हुन्नरी माणूस, एवढाच अर्थ होता. त्याला चोरीचा वास नव्हता.

पासवर्डची कथाही तेथलीच आहे. एकच मोठा संगणक अनेकांनी वापरावयाचा म्हणून प्रत्येकाला ठराविक वेळ आणि एक परवलीचा शब्द देण्याची पद्धत १९६० नंतर तेथे सुरू झाली. ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चार तास मिळत. ते पुरत नसत. १९६२ साली त्याने संगणकालाच सर्वांच्या पासवर्डांची यादी छापून देण्याची आज्ञा केली आणि संगणकाने ती निमूटपणे छापून दिली! म्हणजे पासवर्डची पद्धत निघाली आणि एक-दोन वर्षांतच ती फोडली गेली. त्यालाही पैसा नको होता. अभ्यासाला वेळ हवा होता. पण त्याने दुसऱ्यांच्या नावावरचा वेळ वापरला, हेही तितकेच खरे.

याच सुमारास अमेरिकेत टेलिफोनचे खेळ सुरू झाले. तेथील लांब पल्ल्याच्या टेलिफोन यंत्रणेत २६०० हर्ट्झ या ठराविक सुराने तार मोकळी असल्याची खूण दिली जात असे. जो एंग्रेसिया नावाच्या एका जन्मांध मुलाला लहानपणीच शोध लागला की, तो सूर तोंडाने शीळ घालून काढला तर यंत्रणा फसते. पुढे जॉन ड्रेपर याला नाश्त्याच्या खाद्यपदार्थाच्या खोक्यात मुलांना फुकट मिळणाऱ्या शिट्टीतून तोच सूर निघतो असे कळले. सूर काढणाऱ्या निळ्या पेट्याही तयार झाल्या व त्यांच्या साहाय्याने फुकट फोन होऊ लागले. १९७१ साली एका मासिकात यावर मोठा लेख आला. तो वाचून स्टीव्ह वॉझ्नियाक व स्टीव्ह जॉब्झ या दोघा तरुणांनी अशा पेट्या बनवून विकल्या. हेच दोघे १९७६ साली ॲपल कंपनीचे संस्थापक झाले.

टेलिफोन कंपनीचे नुकसान झाले, काहींना तुरुंगवास घडला. पण मूळ चूक काय होती? ज्या तारेतून माणसांचे बोलणे जात होते, त्याच तारेतून यंत्रणेच्या आज्ञाही जात होत्या. पुढे कंपनीने आज्ञांचा मार्ग बोलण्याच्या मार्गापासून वेगळा काढला. एका अंध मुलाच्या शिळेने एवढी मोठी यंत्रणा आपली वाट बदलावयास लावली, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

येथवरच्या कथा मौजेच्या वाटतील. आता चित्र पालटते.

१९८६ साली कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाला संगणकाच्या वापराचा हिशेब तपासण्याचे काम दिले गेले. हिशेबात ७५ सेंटची तफावत येत होती. दुसरा कोणी असता तर त्याने एवढीशी रक्कम सोडून दिली असती. स्टोलने सोडली नाही. शोधता शोधता त्याला दिसले की, कोणी परका मनुष्य या संगणकात शिरतो आणि येथून पुढे अमेरिकेच्या लष्करी संगणकांचे दरवाजे ठोठावतो. तो युक्तीही फारशी करीत नव्हता. नवीन संगणकाबरोबर कारखान्याकडून जे साधे पासवर्ड येतात, ते अनेकांनी कधी बदललेलेच नव्हते. तो तेच वापरून पाहत असे. स्टोलने अनेक महिने पाळत ठेवली, खोट्या कागदपत्रांचे आमिष लावले आणि अखेर माग जर्मनीतील हॅनोव्हर शहरापर्यंत जाऊन पोचला. मार्कुस हेस नावाचा तरुण व त्याचे साथीदार ही माहिती सोव्हिएत गुप्तहेर खात्याला विकत होते. खेळ संपून हेरगिरी सुरू झाली होती.

यानंतर दोनच वर्षांनी, २ नोव्हेंबर १९८८ रोजी, ती घटना घडली जिला इंटरनेटच्या सुरक्षिततेच्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचे स्थान आहे. रॉबर्ट टॅपन मॉरिस हा कॉर्नेल विद्यापीठाचा बावीस वर्षांचा विद्यार्थी. त्याने एक असा प्रोग्रॅम लिहिला की जो एका संगणकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात आपोआप पसरत जाईल. अशा प्रोग्रॅमला 'वर्म' म्हणजे किडा म्हणतात. किड्याला आत शिरण्यास अनेक वाटा होत्या. एक वाट टपाल वाहणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दुरुस्तीसाठी ठेवलेल्या व उघड्याच राहिलेल्या दाराची. दुसरी अशी की, एका प्रोग्रॅममध्ये माहिती ठेवण्याची जागा लहान होती आणि किती माहिती येते हे कोणी मोजत नव्हते. कपात तांब्याभर पाणी ओतले तर ते बशीत, मेजावर सांडते. तशी जादा माहिती सांडून शेजारच्या जागेत गेली की संगणक तिलाच आज्ञा समजून पाळू लागे. तिसरी वाट विश्वासाची. काही संगणक एकमेकांवर विश्वास ठेवून पासवर्ड विचारतच नसत. आणि चौथी आपल्या ओळखीची: सोपे पासवर्ड. मॉरिसने किड्याबरोबर चारशेहून अधिक शब्दांची एक यादी दिली होती; तीतील शब्द व लोकांची स्वतःची नावे तो किडा एकामागून एक लावून पाही.

मॉरिसला काही बिघडवावयाचे नव्हते, असे त्याच्या वतीने सांगण्यात आले. आणि खरोखरच त्या किड्याने कुणाची माहिती पुसली नाही. पण हिशेबात चूक झाली. एखाद्या संगणकात किडा आधीच असेल तर दुसऱ्याने थांबावे, अशी योजना होती. परंतु कोणी 'किडा आहे' असे खोटेच भासवून संगणक वाचवू नये म्हणून सातांपैकी एकदा त्याने न थांबता आत शिरावेच, असे मॉरिसने ठरविले. हे प्रमाण फार झाले. एकेका संगणकात किड्याच्या असंख्य प्रती साचल्या आणि यंत्रे मंदावून बंद पडू लागली. त्या वेळी सगळ्या जाळ्यात सुमारे ६०,००० संगणक होते. त्यांपैकी ६,००० च्या आसपास या सपाट्यात सापडले असा अंदाज करण्यात आला. मॉरिस घाबरला. त्याच्या मित्राने निनावी क्षमापत्र व उपाय इंटरनेटवर धाडला. पण वाटाच तुंबल्यामुळे तो वेळेवर कुणाला मिळाला नाही. स्वतः लावलेल्या आगीवर पाणी घेऊन निघावे आणि धुरात वाट दिसू नये, तशी गत झाली.

या कथेतील चटका लावणारी गोष्ट पुढेच आहे. या मुलाचे वडील, त्यांचेही नाव रॉबर्ट मॉरिस, हे संगणक-सुरक्षेतील अग्रगण्य तज्ज्ञ होते. युनिक्स या संगणकप्रणालीत पासवर्ड उघड न ठेवता उलगडता न येणाऱ्या रूपात साठविण्याची जी पद्धत आली, तिच्या जनकांत त्यांची गणना होते. घटना घडली तेव्हा ते अमेरिकन सरकारच्या सुरक्षा खात्यात मोठ्या पदावर होते. पित्याने कुलूप घडविले आणि पुत्राने जगातील कुलपांच्या उणिवा चव्हाट्यावर आणल्या. विद्या घरातूनच मिळाली होती. ती कोठे थांबवावी याचा विचार त्या रात्री कमी पडला.

१९८६ साली अमेरिकेत संगणक-गुन्ह्यांचा जो कायदा झाला होता, त्याखाली खटल्यात दोषी ठरलेला मॉरिस हा पहिला आरोपी. १९९० साली त्याला तीन वर्षांची देखरेख, ४०० तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. न्यायालयाने त्याला तुरुंगात पाठविले नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे त्याने आपले शिक्षण पूर्ण केले आणि त्याच एम.आय.टी. संस्थेत तो प्राध्यापक झाला.

समाजाने यातून काय घेतले? त्याच महिन्यात पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरील संकटांना तोंड देणारे एक केंद्र स्थापन झाले. 'सर्ट' या नावाने ते ओळखले जाते. आग विझविण्यासाठी जसा बंब, तसे हे केंद्र. पुढे देशोदेशी अशी केंद्रे निघाली. भारताचे 'सर्ट-इन' २००४ साली सुरू झाले. २०२२ च्या आदेशानुसार संस्था व कंपन्यांनी आपल्यावरील ठराविक प्रकारच्या हल्ल्यांची माहिती सहा तासांच्या आत या केंद्राला द्यावयाची असते. १९८८ पूर्वी संगणकक्षेत्रातील लोक एकमेकांना एका मोहल्ल्यातील शेजाऱ्यांसारखे मानीत व दारे उघडी टाकीत. त्या रात्रीनंतर दारांना कड्या बसल्या. मोहल्ला आता शहर झाला आहे, हे त्यांना एका विद्यार्थ्याच्या चुकीने समजले.

कायद्यांचेही असेच झाले. मे २००० मध्ये फिलिपाइन्समधील ओनेल दे गुझमान या विद्यार्थ्याने सोडलेला 'आय लव्ह यू' नावाचा प्रोग्रॅम प्रेमपत्राचे रूप घेऊन जगभर पसरला. त्याची जबानी पुढे प्रसिद्ध झाली. इंटरनेटचे पैसे परवडत नव्हते म्हणून दुसऱ्यांचे पासवर्ड मिळविण्यासाठी आपण तो लिहिला, असे त्याने सांगितले. त्या देशात तेव्हा या गुन्ह्यासाठी कायदाच नव्हता, म्हणून तो सुटला; पुढच्याच महिन्यात तेथे कायदा झाला. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला. मूळ कायद्यातील ६६ व्या कलमाच्या मथळ्यात 'हॅकिंग' हा शब्दच होता. २००८ च्या दुरुस्तीने तो शब्द काढला आणि अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलेल्या कृत्यावर भर दिला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. विद्यार्थी मित्रहो, ४३ व्या कलमातील एक अट मात्र ध्यानात ठेवा: मालकाच्या परवानगीशिवाय. मन कितीही शुद्ध असो, परवानगीशिवाय आत गेलात तर भरपाईची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते.

ही अट आपल्याला नवी आहे काय? सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरी परवानगी घेतल्याशिवाय व सलाम केल्याशिवाय प्रवेश करू नये, आणि परत जा म्हटले तर परत जावे, असा स्पष्ट आदेश आहे. सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्याची गुपिते धुंडाळण्यास मनाई आहे. ज्या धर्मातील पहिली आज्ञा 'इक्रा' म्हणजे वाच ही आहे, त्याच धर्मात दारावर थांबून विचारण्याची आज्ञाही आहे. इल्म आणि इजाजत या दोन्ही गोष्टी आपल्याला बरोबरच शिकविल्या गेल्या आहेत. दुसऱ्याचा पासवर्ड, दुसऱ्याचे छायाचित्र, दुसऱ्याच्या खात्याचा आकडा या सगळ्या अमानती आहेत.

दूरच्या देशांतील या गोष्टींचा आपल्याशी काय संबंध, असे कोणास वाटेल. तर ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर झालेला हल्ला आठवा. हल्लेखोरांनी बँकेचा व्यवहार मंजूर करणारी यंत्रणा बाजूस सारून आपलीच खोटी यंत्रणा मध्ये उभी केली. कार्ड घातले की 'पैसे द्या' असे उत्तर ती देई. तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. अठ्ठावीस देशांतील एटीएममधून रोकड निघाली. हे काम करणारे सूत्रधार पडद्याआड राहिले. पण एटीएमसमोर उभे राहून बनावट कार्डांनी पैसे काढणारे लोक पकडले गेले, त्यांत कोल्हापूरसारख्या आपल्या शहरांतून पैसे काढणारेही होते. त्यांना संगणकाचे ज्ञान लागले नाही; केवळ कमिशनची लालूच पुरली. आज बेकार तरुणांना "तुझे बँक खाते वापरायला दे, महिन्याला इतके देतो" असे सांगणारे लोक गावोगाव फिरतात. पालकहो, घरात ही गोष्ट अवश्य बोला. हॅकर मोकळा राहील, पण खाते ज्याच्या नावाचे त्याच्या दारात पोलीस येतील.

आणि याच काळातली दुसरी घटना पाहा. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा प्रोग्रॅम दीडशे देशांत पसरला. संगणकातील कागदपत्रे कुलूपबंद करून तो खंडणी मागे. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत रुग्णांच्या हजारो भेटी रद्द कराव्या लागल्या. त्याने वापरलेली पळवाट अमेरिकेच्या सुरक्षा खात्याला आधीच ठाऊक होती, पण त्या खात्याने ती आपल्या उपयोगासाठी जपून ठेवली होती व तेथून ती फुटली. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दोन महिने आधी दिली होती. ज्यांनी ती बसविली नाही ते सापडले. हा प्रोग्रॅम थांबविला तो बावीस वर्षांच्या मार्कस हचिन्स या तरुणाने. तो प्रोग्रॅम प्रत्येक वेळी एक विचित्र पत्ता शोधतो आणि तो सापडला तर थांबतो, हे त्याच्या निदर्शनास आले. तो पत्ता त्याने थोड्याशा डॉलरांत आपल्या नावे नोंदविला, आणि जगभर प्रसार थांबला! परंतु त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याला अमेरिकेत अटक झाली. लहान वयात त्याने बँक खाती लुटणारा प्रोग्रॅम लिहिण्यास हातभार लावला होता. २०१९ साली त्याने गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी त्याचे पुढचे चांगले कार्य विचारात घेतले आणि भोगलेली कोठडी पुरेशी मानून त्याला सोडले.

एकाच हाताने लुटारूचे हत्यार घडविले आणि त्याच हाताने रुग्णालये वाचविली. मधल्या काळात त्याला योग्य काम मिळाले, एवढाच फरक पडला.

आज जगाने या कौशल्यासाठी एक सरळ वाटही तयार केली आहे. १९९५ साली नेटस्केप कंपनीने आपल्या प्रोग्रॅममधील दोष शोधून कळविणाऱ्यास बक्षीस जाहीर केले. आज मोठमोठ्या कंपन्या असे करतात. नियम आधीच लिहून दिलेले असतात की, येथपर्यंत या, याच्या पुढे जाऊ नका, दोष आम्हांला कळवा, गावभर करू नका. बँकांत व सरकारी कार्यालयांत या विद्येच्या जाणकारांना नोकऱ्या आहेत, आणि त्यांत मुलींनाही उत्तम वाव आहे. त्या तरुणांच्या हातात आणि चोराच्या हातात विद्या एकच असते. एक विचारून दार उघडतो, दुसरा न विचारता.

आता पुन्हा त्या नववीच्या मुलाकडे येतो. त्याने न विचारता संगणकाला हात लावला, ही त्याची चूक होती, आणि ती त्याला सांगणे माझे कर्तव्य होते. पण त्याने गुण बदलले नाहीत, मित्रांत फुशारकी मारली नाही. तो थेट शिक्षकाकडे आला. आज कंपन्या ज्या वागणुकीसाठी बक्षीस देतात, जवळजवळ तीच वागणूक त्याने आपल्या बुद्धीने केली होती. मी आधी पासवर्ड बदलावयास सांगावयास हवा होता. मग त्याला जवळ बसवून म्हणावयास हवे होते की, बाळ, पुढच्या वेळी आधी विचार, आणि मग माझ्यादेखत करून दाखव. मी उलटे केले. शेकडो मुलांच्या गुणांची अमानत आम्ही मोठ्यांनी वाऱ्यावर सोडली होती. तो दोष झाकून राहिला आणि दोष दाखविणारा शिक्षा भोगून गेला. त्याने संगणकाचा वर्ग सोडला तो सोडलाच. एका बापाने भीतीपोटी आणि एका शिक्षकाने रागापोटी मिळून ती वाट बंद केली. या लेखाच्या निमित्ताने मी ती चूक सर्वांसमक्ष कबूल करतो.

पालकहो, मूल मोबाइल किंवा संगणक उघडून आत काय आहे ते पाहू लागले तर ते लगेच हिसकावून घेऊ नका. शेजारी बसा. तुम्हांला त्यातले कळत नसले तरी चालेल, "हे कुणाचे आहे? त्याला विचारलेस का?" हे दोन प्रश्न विचारण्यास कोणतीही पदवी लागत नाही. स्वतःच्या घरातील कड्याही तपासा. मुलाचे नाव, जन्मसाल, मोबाइलचा आकडा असे पासवर्ड आजच बदला. बँकेतून किंवा पोलिसांतून बोलतो असे सांगून कोणी ओटीपी मागितला, अटकेची धमकी दिली, तर फोन ठेवा. फसवणूक झालीच तर लाजेपोटी गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा. जितका उशीर तितका पैसा लांब जातो.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कुणाला जर एखादे उघडे दार दिसले, तर आत जाऊ नका आणि तोंड फिरवून निघूनही जाऊ नका. दारावर थांबा, घरमालकाला हाक मारा. ज्या शिक्षकावर तुमचा विश्वास असेल त्याला सांगा. त्याने रागावून हाकलले तर आई-वडिलांना घेऊन पुन्हा या.

आणि सहकारी शिक्षकबंधू-भगिनींना एकच विनंती. असा मुलगा किंवा मुलगी मधल्या सुट्टीत हळूच तुमच्याजवळ आली, तर हातातला चहा बाजूला ठेवा आणि तिचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्या.

अल्लाह आपल्या मुलांना इल्म देवो, आणि ते अमानतीप्रमाणे वापरण्याची सद्बुद्धीही देवो. आमीन.